यादीत नसलेला शब्द

मित्रांनो, आधी एक छोटी परीक्षा. घाबरू नका, हिचा बॅकलॉग लागत नाही. ए, ई, आय, ओ आणि यू हे पाचही इंग्रजी स्वर ज्यात येतात असा एक शब्द सांगा. वेळ एक मिनिट. मोबाईल खिशात ठेवायचा.

'एज्युकेशन' आठवला ना? बहुतेकांना तोच आठवतो आणि मग गाडी तिथेच अडते. खरं तर असे शब्द आपल्या आजूबाजूला पुष्कळ पडलेले आहेत. मंडईत जा, तिथे 'कॉलिफ्लॉवर' आहे: सी-ए-यू-एल-आय-एफ-एल-ओ-डब्ल्यू-ई-आर. मेकॅनिकलवाल्यांकडे 'ऑटोमोबाईल' आहे. मॅथ्सच्या पेपरात 'सायमल्टेनियस इक्वेशन्स' आहेत, आणि गंमत म्हणजे त्यातल्या दोन्ही शब्दांत पाचही स्वर आहेत. निकालानंतर ज्याच्यासाठी आपण रांगेत उभे राहतो त्या 'रिव्हॅल्युएशन'मध्येही पाचही आहेत. 'एक्झामिनेशन'मध्ये मात्र यू नाही. याचा अर्थ ज्याचा त्याने काढावा.

गेल्या वर्षी गॅदरिंगच्या आठवड्यात आम्ही शब्दांची स्पर्धा ठेवली होती, तिच्या शेवटच्या फेरीतला हा प्रश्न. शब्द बरोबर की चूक हे ठरवायला मी एक प्रोग्राम लिहिला होता. त्या प्रोग्रामने एका बरोबर शब्दाला चूक ठरवलं, आणि माईक हातात असलेल्या मीही त्याचीच री ओढली. ती हकिकत पुढे सांगतोच. पण चूक नेमकी कुठे झाली ते कळायला असा प्रोग्राम आतून कसा चालतो हे आधी बघावं लागेल. विषय वाटतो तेवढा रुक्ष नाही. इंग्रजी अक्षरं मी इथे त्यांच्या नावांनी लिहितोय, तेव्हा शेजारी कागद-पेन घेऊन स्पेलिंग मांडत वाचलंत तर जास्त मजा येईल.

प्रश्न एक की पाच?

'दिलेल्या अक्षरांचे शब्द शोधा' हे वाक्य दिसायला सरळ आहे, पण त्याच्या पोटात निदान पाच वेगवेगळे प्रश्न लपलेत. सी, ए, टी ही तीनच अक्षरं घेऊ.

पहिला प्रश्न: हीच अक्षरं, सगळी वापरून, दुसरं काही न घालता. उत्तर 'कॅट' आणि 'अ‍ॅक्ट' (ए-सी-टी). याला अ‍ॅनाग्राम म्हणतात.

दुसरा: याच अक्षरांतून, पण सगळी वापरलीच पाहिजेत असं नाही. मग 'अ‍ॅट' (ए-टी) सुद्धा चालेल. स्क्रॅबलमध्ये आपण हेच करतो.

तिसरा: ही तिन्ही अक्षरं शब्दात आली पाहिजेत, बाकी कितीही असोत, क्रम कुठलाही असो. 'अ‍ॅटिक', म्हणजे घराचा माळा, ए-टी-टी-आय-सी. चालेल.

चौथा: तिन्ही त्याच क्रमाने, पण मध्ये दुसरी अक्षरं आली तरी हरकत नाही. 'चॅप्टर', सी-एच-ए-पी-टी-ई-आर. इथे 'अ‍ॅटिक' बाद होतो, कारण त्यात सी शेवटी आहे.

पाचवा: त्याच क्रमाने आणि एकमेकांना चिकटून. आता 'चॅप्टर'ही बाद. पण आपला 'एज्युकेशन' बघा: ई-डी-यू-सी-ए-टी-आय-ओ-एन. बरोबर मध्यात मांजर बसलंय!

प्रोग्राम लिहायला बसण्याआधी यातला आपला प्रश्न कोणता हे ठरवलं नाही तर पुढचं सगळं पाण्यात. आमच्या स्पर्धेत पहिली फेरी दुसऱ्या प्रकारची होती (सात अक्षरं देऊन शब्द बनवा) आणि शेवटची फेरी तिसऱ्या प्रकारची (पाचही स्वर आले पाहिजेत).

माझा पहिला गाढवपणा

पहिल्या फेरीसाठी मी जे लिहिलं ते कुणीही नवशिक्या लिहील तेच होतं. अक्षरांच्या सगळ्या जागा उलटसुलट करायच्या, प्रत्येक वेळी जे तयार होईल ते यादीत शोधायचं. सात अक्षरं सातही वापरून ५,०४० प्रकारे मांडता येतात. एका अक्षरापासून सात अक्षरांपर्यंतच्या सगळ्या मांडण्या धरल्या तर १३,६९९. एवढं कॉम्प्युटर सहज करतो, त्यामुळे मी खूश झालो.

मग मित्र म्हणाला, बारा अक्षरं देऊन बघ. बाराच्या मांडण्या होतात ४७,९०,०१,६०० आणि प्रत्येक मांडणीसाठी यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळायची! प्रोग्राम लावला, आम्ही खाली टपरीवर जाऊन चहा पिऊन आलो, तरी कर्सर लुकलुकतोच आहे. पंधरा अक्षरं दिली असती तर मांडण्यांचा आकडा १.३ लाख कोटींच्या पुढे गेला असता. त्या हिशोबाने चहाची टपरीच विकत घ्यावी लागली असती.

उपाय एका वाक्याचा आहे. अक्षरांना शब्द विचारू नका, शब्दांना अक्षरं विचारा. यादीत एक लाख शब्द असतील तर अक्षरं बारा असोत की पंधरा, आपल्याला एकच लाख वेळा विचारायचंय: "बाबा रे, तू या अक्षरांत बसतोस का?" एक लाख प्रश्न म्हणजे आजच्या कुठल्याही मशीनला डोळ्याची पापणी लवेपर्यंतचं काम. मांडण्यांची भानगडच संपली.

मोजा आणि तुलना करा

'बसतोस का' हे तपासायचं कसं? २६ खणांचं एक कपाट समजा, प्रत्येक अक्षराला एक खण. शब्दातलं अक्षर दिसलं की त्याच्या खणात एक गोटी टाकायची. दिलेल्या अक्षरांचंही असंच दुसरं कपाट करायचं. मग खण समोरासमोर ठेवून गोट्या मोजायच्या.

सगळ्या खणांत गोट्या सारख्या असतील तर तो अ‍ॅनाग्राम. शब्दाच्या कुठल्याच खणात दिलेल्यापेक्षा जास्त गोट्या नसतील तर तो शब्द त्या अक्षरांतून बनतो. आणि कुठल्याच खणात दिलेल्यापेक्षा कमी नसतील तर त्या शब्दात दिलेली सगळी अक्षरं आहेत. म्हणजे वर सांगितलेले पहिले तीन प्रश्न दिसायला वेगळे, पण कोड तोच. फक्त बरोबरचं चिन्ह, लहानचं चिन्ह आणि मोठ्याचं चिन्ह एवढाच फरक. हे मला कळलं तेव्हा मी तीन वेगवेगळी फंक्शन्स लिहून बसलो होतो. दोन खोडून टाकली.

चौथ्या-पाचव्या प्रश्नात मात्र हे कपाट चालत नाही, कारण गोट्या टाकताना क्रम हरवतो. तिथे शब्द डावीकडून उजवीकडे वाचतच जावं लागतं.

२६ बटणं

मोजणीपेक्षाही झटपट एक युक्ती आहे. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना ती पटकन समजेल. अक्षरं २६ आणि साध्या पूर्णांकात बिट ३२. मग प्रत्येक अक्षराला एक बिट देऊन टाका: ए ला शून्य नंबरचा, बी ला एक नंबरचा, असं करत झेडला पंचविसावा. अक्षर शब्दात असेल तर बटण चालू, नसेल तर बंद. अख्खा शब्द एका संख्येत मावला.

पाच स्वरांची संख्या काढून बघू. ए म्हणजे १, ई म्हणजे १६, आय म्हणजे २५६, ओ म्हणजे १६,३८४ आणि यू म्हणजे १०,४८,५७६. बेरीज १०,६५,२३३. आता कुठल्याही शब्दाची संख्या घ्या, तिचं या संख्येशी 'अँड' करा. उत्तर पुन्हा १०,६५,२३३ आलं तर पाचही स्वर आहेत. एका शब्दामागे एक अँड आणि एक तुलना. बस्स.

पण इथे एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलो होतो. बटण चालू किंवा बंद एवढंच सांगतं. अक्षर किती वेळा आलं ते सांगत नाही. समजा अट अशी की दोन ओ आणि एक के हवा. 'बुक' (बी-ओ-ओ-के) बरोबर. पण 'ओक' (ओ-ए-के) नावाचं झाडही आरामात आत शिरतं, कारण त्याचंही ओ चं आणि के चं बटण चालू आहे. म्हणून शहाणी माणसं दोन्ही वापरतात. आधी बटणांनी भराभर नालायक शब्द बाहेर काढायचे, मग जे थोडे उरतील त्यांच्याच गोट्या मोजायच्या.

मूळ संख्यांची जादू

ही युक्ती कामाची कमी आणि देखणी जास्त, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. प्रत्येक अक्षराला एक मूळ संख्या द्या. ए ला २, बी ला ३, सी ला ५, असं करत टी ला ७१ आणि झेडला १०१. शब्दातल्या अक्षरांच्या संख्यांचा गुणाकार करा.

'कॅट' म्हणजे ५ × २ × ७१ = ७१०. 'अ‍ॅक्ट'सुद्धा ७१०, कारण गुणाकारात क्रमाला किंमत नाही. आता 'अ‍ॅटिक': २ × ७१ × ७१ × २३ × ५ = ११,५९,४३०. याला ७१० ने भागा. पूर्ण भाग जातो आणि उत्तर येतं १,६३३, म्हणजे ७१ × २३, म्हणजे टी आणि आय. बाकी शून्य आली म्हणून कळलं की 'कॅट'ची अक्षरं आत आहेत, आणि भागाकाराने वर हेही सांगितलं की काय उरलं! प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात हे शाळेत पाठ केलेलं सूत्र इथे असं कामाला येतं. दोनदा आलेलं अक्षरही यात नीट मोजलं जातं, म्हणजे बटणांचा खड्डा बुजला.

अडचण एकच, गुणाकार फार लवकर फुगतो. ६४ बिटांत नऊ अक्षरांचा कुठलाही शब्द मावतो. दहा किंवा जास्त अक्षरं झाली की ओव्हरफ्लोची भीती सुरू. ई, टी, ए अशा वारंवार येणाऱ्या अक्षरांना लहान मूळ संख्या दिल्या तर थोडी सवड मिळते, पण लांबलचक शब्दांपुढे तीही पुरत नाही. व्हायवात सांगायला मस्त, रोजच्या वापराला गोट्याच बऱ्या.

शब्दाची सही

एकदाच शोधायचं असेल तर वरचं सगळं ठीक. पण दिवसभर हजार वेळा अ‍ॅनाग्राम शोधायचे असतील तर प्रत्येक वेळी लाखभर शब्दांना कशाला त्रास द्यायचा? इथे जॉन बेंटली यांच्या 'प्रोग्रामिंग पर्ल्स' (१९८६) या पुस्तकातली पद्धत कामी येते. प्रत्येक शब्दाची अक्षरं बाराखडीच्या, म्हणजे ए-बी-सीच्या, क्रमाने लावायची. ती झाली त्या शब्दाची 'सही'.

'लिसन' म्हणजे एल-आय-एस-टी-ई-एन. क्रमाने लावलं की ई-आय-एल-एन-एस-टी. 'सायलेंट'ची सही काढा, हीच येते. 'एनलिस्ट', 'टिन्सेल', 'इनलेट्स' यांचीही हीच. ऐकायचं असेल तर गप्प बसावं लागतं, हे इंग्रजी अक्षरांनाही माहीत आहे म्हणायचं!

आता सगळ्या शब्दांच्या सह्या एकदा काढून ठेवा आणि सारखी सही असलेले शब्द एका गठ्ठ्यात बांधा. नंतर कुणी अक्षरं दिली की त्यांची सही काढायची आणि थेट तो गठ्ठा उचलायचा. मेहनत एकदाच, फायदा कायम. सबमिशनच्या आदल्या रात्री जागणाऱ्या आपल्यासारख्यांनी यातून आणखीही काही शिकायला हरकत नाही.

चाळण्या कोणत्या क्रमाने लावायच्या?

प्रोग्राम लिहायचाच कंटाळा असेल तर लिनक्सवर 'ग्रेप' आहे. हे हत्यार केन थॉम्पसन यांनी बेल लॅब्जमध्ये लिहिलं आणि १९७३ पासून ते युनिक्समध्ये आहे. शब्दांची फाईल घ्यायची, ज्यात यू आहे त्या ओळी गाळून पुढे ढकलायच्या, त्यातून ओ असलेल्या, त्यातून आय असलेल्या, असं पाच वेळा. आई धान्य निवडताना एकाखाली एक चाळण्या धरते तसं.

मुद्दाम यू पासून सुरुवात केली हे लक्षात आलं का? इंग्रजीत पाच स्वरांपैकी यू सगळ्यांत कमी येतो आणि ई सगळ्यांत जास्त. ई ची चाळणी पहिली लावली तर ढीग फारसा कमी होत नाही. यू ची लावली की पहिल्याच फटक्यात बहुतेक शब्द गळतात आणि पुढच्या चाळण्यांचं काम हलकं होतं. दिलेल्या अक्षरांत क्यू, झेड, जे किंवा एक्स असेल तर सरळ तिथूनच सुरू करायचं. सर्च इंजिनही दोन-तीन शब्द दिले की असंच करू शकतं: जो शब्द कमी पानांवर आहे त्याची यादी आधी घ्यायची.

कुठलं अक्षर किती वेळा येतं हे स्क्रॅबलच्या जन्माच्याही मुळाशी आहे. अल्फ्रेड बट्स हे अमेरिकेतले आर्किटेक्ट. १९३० च्या दशकातल्या मंदीत त्यांचं काम गेलं आणि त्यांनी वर्तमानपत्राच्या पानांवरची अक्षरं मोजत हा खेळ रचला. खेळातल्या १०० सोंगट्यांपैकी ई च्या १२ आहेत, क्यू आणि झेडची एकेकच, आणि त्या दोघांना दहा-दहा गुण. एस मात्र मुद्दाम चारच ठेवले, नाहीतर जो तो शब्दाला एस लावून अनेकवचन करत सुटला असता. पुढे १९८८ मध्ये अ‍ॅपेल आणि जेकबसन यांनी स्क्रॅबल खेळणारा अतिशय वेगवान प्रोग्राम मांडला. त्यात सगळा शब्दकोश झाडासारखा रचलेला होता. सारखी सुरुवात असलेल्या शब्दांचं खोड एक, आणि सारखा शेवट असलेल्यांचे शेंडेही एकत्र जोडलेले. एखादी फांदी पुढे जात नाही असं दिसलं की तिच्या पुढचे सगळे शब्द एकदमच सोडून देता येतात.

आता ती हकिकत

एवढं सगळं केल्यावर माझा प्रोग्राम चांगला पळायला लागला. शब्द टाइप केला की तो दोन गोष्टी तपासायचा: दिलेली अक्षरं आहेत का, आणि शब्द यादीत आहे का. पहिल्या गोष्टीवर मी दोन आठवडे घालवले होते. दुसऱ्या गोष्टीवर दोन मिनिटं. एक तयार यादी मिळाली, ती टाकून दिली.

शेवटच्या फेरीत दोन टीम बरोबरीत होत्या. एका टीममध्ये एफ.ई.चा एक मुलगा होता, दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या आणि तालुक्याच्या मराठी शाळेत शिकलेला. त्याची पाळी आली. त्याने शब्द दिला 'बिहेवियर' आणि एकेक अक्षर नीट सांगितलं: बी-ई-एच-ए-व्ही-आय-ओ-यू-आर. मी टाइप केलं. स्क्रीन लाल झाली. 'इनव्हॅलिड वर्ड.'

मी माईकवर म्हणालो, "स्पेलिंग चुकलं मित्रा." तो हळूच म्हणाला, "पुस्तकात असंच आहे." मागून कुणीतरी हसलं, मग हॉलच हसला. त्यानंतर तो काही बोलला नाही. समोरच्या टीमने आणखी एक शब्द दिला, वेळ संपली आणि त्याची टीम एका शब्दाने हरली.

रात्री चैन पडेना म्हणून यादी उघडली. त्यात शब्द होता, पण यू शिवाय: शेवटी फक्त ओ-आर. यादी अमेरिकन इंग्रजीची होती. अमेरिकेत नोहा वेबस्टर यांच्या १८२८ सालच्या शब्दकोशाने 'कलर', 'ऑनर' यांसारख्या शब्दांतला यू काढलेली रूपं रुजवली. आपली शाळेची पुस्तकं ब्रिटिश वळणाची, त्यांत यू आहेच. म्हणजे यादीत जो शब्द होता त्यात चारच स्वर, आणि ज्यात पाच स्वर होते तो यादीतच नव्हता. लिनक्समध्ये अमेरिकन आणि ब्रिटिश अशा दोन वेगळ्या फाईली मिळतात, हे मला तेव्हा बघायचंही सुचलं नव्हतं. आणि मला स्वतःला शंका का आली नाही? कारण वेबपेज बनवताना 'कलर' यू शिवाय लिहून लिहून आणि व्हीएचडीएलच्या लॅबमध्ये 'बिहेवियरल' यू शिवाय टाइप करून माझाही यू कधीच गळून गेला होता.

दुसऱ्या दिवशी हॉस्टेलवर त्याच्या खोलीवर गेलो आणि म्हणालो, "तुझं बरोबर होतं. माझी यादी चुकली." तो म्हणाला, "जाऊ द्या दादा. मला वाटलं माझंच चुकलं असणार. कॉम्प्युटरच सांगतोय म्हटल्यावर... 'प्रिकॉशन' पण आठवला होता मला. पण म्हटलं, तोही चुकला तर परत हसतील."

'प्रिकॉशन' बरोबर आहे, पाचही स्वर आहेत आणि तो दोन्ही याद्यांमध्ये आहे. त्याने तो सांगितला असता तर टीम निदान बरोबरीत राहिली असती. आम्ही नोटीस बोर्डावर दुरुस्ती लावली, दोन्ही टीम संयुक्त विजेत्या म्हणून जाहीर केल्या. पण हसला होता सगळा हॉल, आणि नोटीस वाचली मोजक्यांनी. म्हणून हा लेख.

प्रोग्राममध्ये नंतर तीन बदल केले. दोन्ही याद्या एकत्र केल्या. 'इनव्हॅलिड वर्ड' काढून तिथे 'यादीत सापडला नाही' असं लिहिलं, कारण प्रोग्रामला तेवढंच माहीत असतं. आणि लाल स्क्रीन आली की टेबलावरचा जाडजूड शब्दकोश उघडून बघणारा एक माणूस बसवायचं ठरवलं. या वर्षी तो माणूस म्हणजे तोच, आता एस.ई.ला गेलेला. मी विचारलं तेव्हा आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, "शब्दकोश मी आणतो. लायब्ररीतल्याची पानं फाटलीयत."

आणि आपल्या मराठीत?

हाच प्रोग्राम मराठीला लावला तर काय होईल? लहानपणी आपण 'रामाला भाला मारा' उलटं म्हणायचो आणि ते तसंच यायचं. कारण आपण रा-मा-ला अशी अक्षरं धरतो. कॉम्प्युटर मात्र युनिकोडमध्ये 'रा'चे दोन तुकडे साठवतो, र आणि काना. 'क्ष'चे तर तीन: क, हलन्त, ष. तुकडे उलटे लावले की वाक्य कान्यापासून सुरू होतं आणि सगळा विचका.

सह्या काढल्या तर आणखी मजा. राम, मरा, मार, रमा या चारही शब्दांत तेच तीन तुकडे: र, म आणि काना. मशीन चौघांना एकाच गठ्ठ्यात बांधेल. आपण मात्र रा-म आणि म-रा ही एक जोडी मानू, मा-र आणि र-मा ही दुसरी. वाल्या कोळी 'मरा मरा' म्हणत बसला आणि त्याचं 'राम राम' झालं, ती गोष्ट पहिल्या जोडीवरच उभी आहे. तेव्हा मराठीसाठी लिहिताना 'अक्षर' म्हणजे काय हे आधी ठरवायचं, आणि शब्द त्या अक्षरांत तोडून मगच गोट्या टाकायच्या. कुणी हे करणार असेल तर मला सांगा, मी यादी जमवायला मदत करतो. या वेळी दोन मिनिटांत नाही.

जाता जाता चार कोडी

१. पाचही स्वर ए, ई, आय, ओ, यू याच क्रमाने आणि एकेकदाच येतात असा शब्द.

२. पाचही स्वर बरोबर उलट्या क्रमाने, यू पासून ए पर्यंत, एकेकदाच येतात असा शब्द. (सूचना: आपण जिथे राहतो त्या भूभागाचं विशेषण.)

३. 'ट्रँगल'ची सगळी अक्षरं वापरून मॅथ्समधला असा शब्द बनवा की ज्याने आपल्याला घाम फुटतो.

४. 'अ‍ॅड' (ए-डी-डी) आणि 'डॅड' (डी-ए-डी) यांचे मूळ संख्यांचे गुणाकार काढा. डी ला ७ आहे.

उत्तरं: १. 'फसिशस' (एफ-ए-सी-ई-टी-आय-ओ-यू-एस), 'अबस्टेमियस'ही चालेल. २. 'सबकाँटिनेंटल'. ३. 'इंटिग्रल'. ४. दोन्हींचा ९८. तुमच्याकडे याहून वेगळं उत्तर असेल आणि ते कुठल्या यादीत सापडत नसेल, तर चूक म्हणून खोडू नका. शब्दकोश घेऊन या, बघू.